खोके, दाणे आणि तीन सहाचाकी: ट्रक-निवडीचे एक प्रकरण

नवा वाहतूक व्यवसाय सुरू करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा "कोणती गाडी घ्यावी?" असा असतो. त्यावर उत्तरेही लगेच मिळतात. कोणी कंपनीचे नाव सांगतो, कोणी अश्वशक्ती, तर कोणी ओळखीच्या मालकाची विकायला काढलेली गाडी. माल कोणता, किती, कुठून कुठे आणि परत येताना काय, हे मात्र फार थोडे विचारतात. या प्रकरणात गाडीचा निर्णय तीनदा बदलला. तिन्ही वेळा तो गाडीबद्दल नवे काही कळल्यामुळे बदलला नाही, मालाबद्दल कळल्यामुळे बदलला. म्हणून ते सविस्तर मांडतो.

प्रकरणातील भागीदार, मार्ग आणि त्यांचे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. हिशेबाची रीत आणि त्यामागचे भौतिकशास्त्र कुठल्याही ट्रकला लागू पडते. चलन आणि भाव जागोजागी वेगळे असल्यामुळे सगळा खर्च आणि सगळे उत्पन्न मी डिझेलच्या लिटरमध्ये मोजले आहे. आपल्याकडचा भाव घालून कोणालाही हाच हिशेब करता येईल.

परिस्थिती

भागीदार दोघे. एकाने आयुष्यातली बरीच वर्षे जड गाड्या चालवलेल्या, दुसऱ्याने गोदामात माल आणि हिशेब सांभाळलेला. प्लास्टिकच्या घरगुती वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्याचे काम त्यांना मिळत होते. बादल्या, डबे, टोपल्या असा माल खोक्यांत भरून कारखान्यापासून २८० किलोमीटरवरच्या वितरण गोदामात पोचवायचा. आठवड्याला १० खेपा, प्रत्येक खेपेत साधारण ५५ घनमीटर माल. भाडे खेपेवर ठरलेले, एका खेपेला २६० लिटर डिझेलच्या किमतीइतके. गोदामापासून जवळच प्लास्टिकच्या दाण्यांचा पुरवठादार होता. तिथून २५ किलोच्या गोण्या परतीच्या वाटेवर कारखान्याला आणता येणार होत्या. त्याचे भाडे टनावर, टनाला ८ लिटर.

एका गाडीला माल भरून जायचे, खाली करायचे, परतीचा माल घ्यायचा आणि कारखान्यावर यायचे, याला दोन दिवस लागत. सहा दिवसांच्या आठवड्यात तीन फेऱ्या, वर्षाचे ५० आठवडे धरले तर १५० फेऱ्या. फेरी ५६० किलोमीटरची, म्हणजे वर्षाला गाडीमागे ८४,००० किलोमीटर. पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया हाच.

समोर तीन पर्याय होते. पहिला, जुना ट्रॅक्टर (म्हणजे ट्रेलर ओढणारे ट्रकचे तोंड) आणि त्यामागे लांब बंद ट्रेलर, गाडी आणि माल मिळून एकूण वजनाची मर्यादा ४० टन. दुसरा, नवा दहाचाकी ट्रक, मर्यादा २५ टन. तिसरा, नवा सहाचाकी, मर्यादा १८ टन, लांब बॉडीचा. या मर्यादा देशागणिक बदलतात. इथे त्या एका ठरावीक नियमाप्रमाणे धरल्या आहेत.

चालक भागीदाराचा कल ट्रेलरकडे होता आणि त्याचे कारण साधे नव्हते. टनामागे आणि घनमीटरमागे मोठी गाडी स्वस्त पडते, हे त्याने रस्त्यावर पाहिलेले होते, आणि ते खरेही आहे. शिवाय जुन्या ट्रॅक्टर-ट्रेलरची किंमत नव्या सहाचाकीच्या आसपासच होती. तेवढ्याच पैशांत जवळजवळ दीडपट जागा कोण सोडेल?

माल आधी जागेने भरतो की वजनाने

मालाच्या ट्रकला दोन मर्यादा असतात. जागा संपते किंवा वजनाची मर्यादा संपते. दोन्ही एकदमच संपावेत असा माल क्वचित मिळतो. लोखंडी सळ्यांचा ट्रक पाहिला तर बॉडी अर्धी रिकामी दिसते, पण त्यावर आणखी एक सळी टाकता येत नाही. थर्मोकोलचा ट्रक काठोकाठ भरलेला असतो आणि स्प्रिंगचे पाटे जेमतेम दबलेले असतात.

हिशेबनीस भागीदाराने कारखान्यात जाऊन भरलेली खोकी तोलली आणि मापली. घनमीटरला सुमारे ९० किलो भरले. म्हणजे ५५ घनमीटरची अख्खी खेप पाच टनांच्याही किंचित आतच. सहाचाकीचे बॉडीसह रिकामे वजन साडेआठ टन धरले तरी ती साडेनऊ टन माल वाहू शकते. जाताना तिची जेमतेम निम्मी ताकद वापरली जाणार होती. दहाचाकी पंधरा टन वाहते, ट्रेलर पंचवीस. जातानाच्या मालासाठी ही सगळी ताकद फुकट.

मग जागेचे बघू. ट्रेलरमध्ये साधारण ८६ घनमीटर जागा मिळते, लांब बॉडीच्या सहाचाकीत ६०. दोन्ही काठोकाठ भरल्या तर घनमीटरमागे ट्रेलरच स्वस्त. १०० किलोमीटरला ३३ लिटर धरले तर २८० किलोमीटरला ९२ लिटर, म्हणजे घनमीटरला १.०७ लिटर. सहाचाकी १०० किलोमीटरला २५ लिटर घेते. तिला ७० लिटर लागतात, घनमीटरला १.१७. चालक भागीदाराचे म्हणणे इथपर्यंत अगदी बरोबर होते.

पण खेप ५५ घनमीटरची होती. ट्रेलरमध्ये ५५ घनमीटर माल टाकला की तोच आकडा १.६८ वर जातो आणि सहाचाकीचा १.२७ वर थांबतो. मोठी गाडी स्वस्त पडते ती भरल्यावर. भागीदारांनी कारखान्याला विचारून पाहिले की दोन दिवसांचा माल एकत्र करून देता येईल का. नकार आला, आणि त्याला कारण होते. तयार माल ठेवायला कारखान्यात जागा नव्हती, आणि गोदामालाही रोज थोडा माल हवा होता. खेपेचा आकार वाहतूकदार ठरवत नाही, ज्याचा माल आहे तो ठरवतो. गाडी त्या आकाराला बसली पाहिजे.

परतीचे दाणे

जाताना मोठ्या गाडीचा फायदा नाही, हे चालक भागीदाराने मान्य केले. त्याचा पुढचा मुद्दा जास्त वजनदार होता. गाडी परत पण येते. परतीला दाणे आहेत, दाणे जड आहेत, आणि भाडे टनावर आहे. सहाचाकी साडेनऊ टन आणेल, दहाचाकी पंधरा, ट्रेलर पंचवीस. जातानाचा तोटा येताना भरून निघेल.

हा मुद्दा हिशेबाने तपासण्यासारखा होता. दहाचाकी १०० किलोमीटरला ३० लिटर घेते असे धरले तर वर्षाला सहाचाकीपेक्षा ४,२०० लिटर जास्त जळते. सहाऐवजी दहा टायर, जास्त किंमत, त्यावरचे व्याज आणि विमा असा वरचा खर्च भागीदारांनी वर्षाला ३,५०० लिटर धरला. एकूण ७,७०० लिटर. बदल्यात दर परतीला साडेपाच टन जास्त, टनाला ८ लिटरप्रमाणे ४४ लिटर. ७,७०० भागिले ४४ म्हणजे १७५ भरलेल्या परतफेऱ्या. वर्षात फेऱ्याच १५०. प्रत्येक वेळी पूर्ण पंधरा टन मिळाले तरी दहाचाकी बसत नाही. भाडे टनाला ११ लिटर असते तर १२७ फेऱ्यांत बरोबरी झाली असती. तेव्हा विचार करण्यासारखे होते, पण दर दहापैकी साडेआठ परतफेऱ्या तुडुंब हव्यात, ही अटही सोपी नाही.

ट्रेलरचा आकडा मात्र भुरळ पाडणारा निघाला. तो सहाचाकीपेक्षा वर्षाला ६,७२० लिटर जास्त पितो, पण परतीला साडेपंधरा टन जास्त आणतो, म्हणजे फेरीला १२४ लिटर. फक्त डिझेलचा फरक भरून काढायला ५४ परतफेऱ्या पुरेत. बाकी सगळा नफा. कागदावर ट्रेलर जिंकत होता आणि दोघेही त्याच्या खरेदीपर्यंत आले होते.

तेव्हा हिशेबनीस भागीदाराने एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तो प्रश्नच आहे. कारखान्याला दाणे लागतात तरी किती?

कारखाना दाणे वितळवून डबे बनवतो. डब्यात दाण्यांचेच वजन असते. आठवड्याला १० खेपा, प्रत्येकी पाच टन, म्हणजे ५० टन तयार माल. त्यातून खोक्यांच्या पुठ्ठ्याचे वजन वजा केले तर साधारण ४५ टन प्लास्टिक. मोडका आणि नाकारलेला माल कारखाना दळून पुन्हा वापरतो, त्यामुळे वाया जाणारा भाग फार नाही. म्हणजे आठवड्याला येणारे दाणेही ४५ टनांच्या आसपास. जेवढे वजन बाहेर जाते तेवढेच आत येते, यापेक्षा जास्त येऊच शकत नाही.

दाण्यांचे आठवड्याचे उत्पन्न म्हणून ३६० लिटर, गाडी कोणतीही असो. सहाचाकीने पाच परतफेऱ्यांत ते आणा, दहाचाकीने तीन, ट्रेलरने दोन. ज्या जास्तीच्या टनांवर ट्रेलरचा सगळा हिशेब उभा होता, ते टन अस्तित्वातच नव्हते. एका ट्रेलरने वर्षाला ५४ पूर्ण परतफेऱ्या करायच्या तर कारखान्याच्या गरजेतला निम्म्याहून जास्त दाणा त्या एकट्यालाच लागला असता. तीन ट्रेलर घेतले असते तर बाकीचे दोघे बहुतेक रिकामेच परतले असते.

बाजारातून इतर जड माल मिळेल, हा शेवटचा युक्तिवाद उरला. मिळतोही. पण पंचवीस टन एका दिशेला, एकाच ठिकाणी, आजच जाणारे, असे भाडे थांबून मिळवावे लागते. एक दिवस थांबले की अर्धी फेरी गेली. कारखान्याच्या खेपेचे भाडे २६० लिटर, म्हणजे अर्ध्या फेरीचे १३०. ट्रेलरचा जास्तीचा फायदा १२४. एका दिवसाच्या थांबण्यात तो सगळा जातो, वर कारखान्याची खेप चुकते ती वेगळीच. नव्या वाहतूकदाराजवळ ठरलेले काम हीच एक पत असते. परतीच्या भाड्यासाठी ती पणाला लावणे मला कधीच पटलेले नाही.

तीन सहाचाकींच्या आठवड्याला नऊ परतफेऱ्या, त्यांतल्या पाच दाण्यांच्या. उरलेल्या चार परतफेऱ्यांचे काय? त्यावर तोडगा कारखान्यातच सापडला. कारखान्याला नवी खोकी लागत, ती घडी घातलेल्या गठ्ठ्यांत येत, आणि ती बनवणारा गोदामाच्याच बाजूला होता. घडीची खोकी ओली झाली की संपली, त्यामुळे बंद बॉडीची गाडी त्याला हवीच होती. ते भाडे थोडे, पण ठरलेले. बॉडी बंद करायची की ताडपत्रीची, हा वादही त्याबरोबर मिटला.

बॉडी आधी, चेसिस नंतर

सहाचाकी ठरली. आता बहुतेक जण चेसिस, म्हणजे इंजिन, फ्रेम आणि चाके असलेला सांगाडा, घेतात आणि मग बॉडी बांधणाऱ्याकडे जातात. इथे क्रम उलटा घेतला गेला आणि त्याचे मोल एका साध्या मापात आहे.

खोक्याची उंची ५० सेंटिमीटर होती. नेहमीच्या मापाची बॉडी आत २.४ मीटर उंच. त्यात खोक्यांचे चार थर बसतात, दोन मीटरपर्यंत, आणि वर ४० सेंटिमीटर हवा राहते. बॉडी आत २.६ मीटर केली की पाचवा थर बसतो. ९.६ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद बॉडीत चार थर म्हणजे ४६ घनमीटर माल, पाच थर म्हणजे साडेसत्तावन्न. खेप ५५ ची. वीस सेंटिमीटरमुळे अख्खी खेप एका गाडीत मावली, नाहीतर दर खेपेला नऊ घनमीटर माल मागे राहिला असता.

मात्र ही वीस सेंटिमीटर चेसिसवरून मिळवावी लागतात. फळीची, म्हणजे बॉडीच्या तळाची, जमिनीपासूनची उंची, त्यावर २.६ मीटर, वर छताची जाडी, हे सगळे रस्त्यावरच्या उंचीच्या मर्यादेत बसले पाहिजे. म्हणून चेसिस निवडताना फ्रेमची उंची हा पहिला प्रश्न झाला. खाणीच्या कामासाठी बनवलेली उंच चेसिस कितीही दणकट असली तरी इथे निरुपयोगी होती. फळी गोदामाच्या धक्क्याच्या उंचीशी जुळते का, हेही तेव्हाच मापून घेतले गेले. ती जुळली नाही तर प्रत्येक खेपेला माल हातांनी उतरवावा लागतो आणि गाडी दोन-तीन तास जास्त अडकते.

लांब बॉडीचा एक धोका आहे आणि त्याबद्दल चालक भागीदाराने बजावले, ते योग्य होते. खोकी हलकी आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात, त्यामुळे जाताना काही अडचण नाही. येताना साडेनऊ टन दाणे, म्हणजे ३८० गोण्या. हमाल दाराजवळच थप्पी लावून मोकळे झाले तर वजन मागच्या आसाच्याही मागे जाते, पुढचा आस हलका होतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादेबाहेर जाऊ शकतो. त्यांनी बॉडीच्या आत भिंतीवर रंगाने पट्टे मारून घेतले. गोण्या कुठून कुठपर्यंत आणि किती थर, हे हमालाला न विचारता कळावे म्हणून.

"बारा टन भरा, गाडी ओढते" असे पुरवठादार सांगणारच, हे दोघांना ठाऊक होते. ओढते, यात शंका नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्या चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातात वाढते. आसावर दहा टक्के जास्त वजन टाकले की झीज ४६ टक्के वाढते. तो हिशेब रस्त्याचा आहे. गाडीच्या ब्रेक, टायर, बेअरिंग आणि पाट्यांची झीज या नियमाने मोजता येत नाही, पण जादा वजन तीही सोसत नाहीत. भरून उतारावर ब्रेक तापले तर जे होते, ते झीज या शब्दात मावत नाही. पुरवठादाराशी केलेल्या करारातच त्यांनी ३८० गोण्यांची मर्यादा लिहून घेतली.

इंजिन, चढ आणि मागचा आस

मार्गावर एक लांब चढ होता, सहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर चढणारा. चालक भागीदाराला ३०० अश्वशक्तीचे इंजिन हवे होते. त्यामागे अनुभव होता. कमी ताकदीची गाडी चढावर रखडली की मागे रांग लागते, इंजिन तापते आणि चालकाचा जीव मेटाकुटीला येतो.

हिशेब असा. १८ टनांची गाडी सहा टक्क्यांच्या चढावर न्यायला चढाची ओढ सुमारे १०,६०० न्यूटन, टायरचा रोध साधारण १,२४०, आणि त्या वेगाला वारा नगण्य, २५० च्या आसपास. मिळून १२,१०० न्यूटन. ताशी ३० किलोमीटरने चढायचे तर चाकावर १०० किलोवॅट लागतात. गियर आणि डिफरन्शिअलमधला तोटा धरून इंजिनातून ११२, म्हणजे सुमारे १५० अश्वशक्ती. २२० अश्वशक्तीच्या इंजिनाला हे सहज जमते आणि हाताशी काही राखीवही राहते. तेही गाडी भरून १८ टन असताना. जाताना गाडी साडेतेरा टनांचीच असते. २५ टनांच्या दहाचाकीला याच चढावर याच वेगाने २१० अश्वशक्ती लागली असती. ३०० चा आग्रह त्या गाडीवरच्या अनुभवातून आला होता.

जास्त फरक मागच्या आसाच्या गुणोत्तराने पडला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे गियरबॉक्समधून येणारा दांडा किती फेरे घेतो त्याने. विक्रेत्याकडे तीच गाडी ४.१ आणि ५.३ अशा दोन गुणोत्तरांत होती. वरचा गियर थेट १:१ आणि टायरचा घेर ३.१५ मीटर धरला तर ताशी ६५ किलोमीटरला ४.१ च्या गाडीचे इंजिन मिनिटाला १,४१० फेरे घेते, ५.३ च्या गाडीचे १,८२०. अशा इंजिनाचा काटकसरीचा पट्टा साधारण ११०० ते १५०० फेऱ्यांत असतो. पहिली गाडी दिवसभर त्या पट्ट्यात चालेल, दुसरी दिवसभर त्याबाहेर. चढावर ४.१ ची गाडी उठेल का, ही चालक भागीदाराची शंका होती. पहिल्या गियरमध्ये चाकावर मिळणारी ओढ चढाला लागते तिच्या तिपटीहून जास्त निघाली. ५.३ ची गाडी डोंगरात, कच्च्या रस्त्यावर, सतत थांबत जाणाऱ्या कामाला चांगली. या मार्गाला नाही. माहितीपत्रकात हा आकडा शेवटच्या पानावर बारीक छापलेला असतो आणि विक्रेता तो बहुधा आपणहून सांगत नाही. विचारून घ्यावा.

हलक्या मालाच्या गाडीला वजनापेक्षा वारा जास्त अडवतो, हेही इथे ध्यानात घ्यायला हवे. चार मीटर उंच चौकोनी बॉडीवर ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा रोध सुमारे १,८०० न्यूटन, तर साडेतेरा टनांच्या गाडीच्या टायरचा रोध साधारण ९३०. वेग ६५ वर आणला की वाऱ्याचा रोध १,२०० च्या खाली येतो आणि एकूण ओढ पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त घटते. २८० किलोमीटरला यात फार तर पन्नास मिनिटे जास्त जातात. गोदामाच्या दारात गाडी त्यापेक्षा जास्त वेळ उभी असायची. भागीदारांनी वेगाची मर्यादा ६५ वर बांधून घेतली, केबिनच्या छतावर वारा वळवणारा पत्रा बसवला, आणि गोदामाशी माल उतरवण्याची वेळ ठरवून घेतली. या तिसऱ्या गोष्टीने पहिल्या दोन परवडल्या. चालकाला दारात चार तास ताटकळत ठेवून रस्त्यावर हळू जा म्हणणे अन्यायाचे आहे, आणि ते कोणी पाळतही नाही.

विजेच्या ट्रकचाही विचार झाला. जाताना गाडीत वजनाला भरपूर वाव असल्यामुळे दोन टनांच्या बॅटरीचे ओझे इथे जाचले नसते. पण दोन्ही टोकांना पुरेशा ताकदीचे चार्जिंग नव्हते. विषय तिथेच थांबला.

नव्या किती, जुन्या किती

आठवड्याला १० खेपा, गाडीला तीन फेऱ्या. तीन गाड्या नऊ खेपा करतात, चार गाड्या बारा. चौथी गाडी घ्यायची का?

भागीदारांनी तीनच घेतल्या आणि दहावी खेप भाड्याच्या गाडीने करायचे ठरवले. चौथी गाडी आठवड्याला एका फेरीसाठी आली असती. तिचे हप्ते आणि विमा सहाही दिवस चालले असते, आणि रिकामे दिवस भरायला मिळेल ते भाडे घ्यावे लागले असते. भाड्याच्या गाडीत नफा थोडा, कधी शून्य, पण डोक्यावर कर्ज नाही. नेहमीच्या कामापुरत्या गाड्या स्वतःच्या आणि वरच्या कामाला भाड्याच्या, हे धोरण सुरुवातीला सुरक्षित. अट एकच. भाड्याच्या गाडीचा मालक आधी ठरलेला हवा आणि त्याच्या गाडीची आतली उंचीही पाच थर बसतील अशी हवी. शेवटी त्यांनी दुसऱ्या एका वाहतूकदाराशी आठवड्याची एक खेप कायमची बांधली. स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली तर दुसरी खेपही तोच उचलणार.

तीनपैकी दोन नव्या घेतल्या, तिसरी त्याच मॉडेलची, मधल्या वयाची जुनी. तिन्ही एकाच जातीच्या असण्यावर माझा विशेष भर आहे. तीन गाड्यांच्या मालकाकडे सुट्या भागांचे गोदाम नसते. एकाच मॉडेलला फिल्टर, ब्रेक लायनर, पट्टे, एखादे अल्टरनेटर असा एक संच तिघींना पुरतो, मिस्त्रीचा हात एकाच इंजिनावर बसतो, आणि कोणताही चालक कोणतीही गाडी घेऊन जातो. तीन गाड्यांतली एक बंद पडणे म्हणजे तिसरा हिस्सा काम बंद. वीस गाड्यांच्या मालकाला हीच घटना जाणवतही नाही. म्हणून स्वस्तात मिळालेल्या तीन वेगवेगळ्या गाड्या नव्या व्यवसायाला महाग पडतात.

जुन्या गाडीची तपासणी चालक भागीदाराने केली आणि इथे त्याचा अनुभव हिशेबापेक्षा मोलाचा ठरला. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायची, आधी सुरू करून ठेवलेली नको. गरम झाल्यावर तेलाचे झाकण उघडून आतून वायूची धाप येते का पाहायची. जोरात आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. फ्रेमवर पाट्यांच्या हँगरजवळ आणि बॉडीच्या बोल्टांपाशी तडे किंवा ताजी वेल्डिंग आहे का, हातबत्तीने बघायचे. पुढचे चाक उचलून किंगपिनचा, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीचा, खेळ तपासायचा. टायर एकाच बाजूला घासलेले असतील तर आस वाकलेला किंवा फ्रेम तिरकी असण्याची शंका घ्यायची. मीटरचे किलोमीटर आणि ब्रेक-पेडलच्या रबराची झीज जुळते का, तेही पाहायचे. त्याने पहिल्या दोन गाड्या नाकारल्या. एकीची फ्रेम जोडलेली होती. दुसरीच्या धुराच्या शुद्धीकरणाची यंत्रणा तारा जोडून बंद केलेली होती, म्हणजे युरियाचे द्रावण टाकायचा खर्च मागच्या मालकाने वाचवला होता. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो आणि ते द्रावण डिझेलच्या काही टक्केच लागते. एवढ्या बचतीसाठी ज्याने यंत्रणा मोडली, त्याने तेल वेळेवर बदलले असेल यावर विश्वास कसा ठेवायचा, हा त्याचा प्रश्न मला पूर्ण पटतो.

केबिन निवडताना पैसे वाचवायला त्याने ठाम नकार दिला. हवेवर तोललेली सीट, झोपायला पुरेल एवढा बर्थ, वारा खेळेल अशा खिडक्या. हिशेबनीस भागीदाराला हा खर्च जास्त वाटला होता. पण एकाच गाडीच्या दोन चालकांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि वर्षाच्या २१,००० लिटरवर दहा टक्के म्हणजे २,१०० लिटर. चांगला चालक टिकला तर सीटची किंमत त्यातूनच निघते. आणि ती निघाली नसती तरी रात्री रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला नीट झोप मिळाली पाहिजे.

गाड्या आल्यावर प्रत्येक फेरीची एक ओळ वहीत लिहायची ठरली: भरलेले घनमीटर, परतीचे टन, टाकलेले लिटर, दोन्ही टोकांना थांबलेले तास. चौथ्या गाडीचा प्रश्न त्या वहीवर सोपवला आहे. भाड्याच्या खेपा आठवड्याला एकीवरून तीनवर गेल्या आणि महिनोन्‌महिने तिथेच राहिल्या, तर चौथी सहाचाकी घ्यायची. कारखान्याने दुसऱ्या जातीचा, जड माल काढला, तर मात्र आधी पुन्हा खोके तोलायचे आणि दहाचाकीचा हिशेब नव्याने मांडायचा.